लामाराची चुकलेली मोजणी

लामाराबरोबर एका टेबलावर काम करणं म्हणजे डोक्याला ताप होता. तिबिलिसीच्या आमच्या प्रयोगशाळेत जंतू खाणारे विषाणू तयार होत. आम्ही त्यांना फाज म्हणायचो, आणि शहरातलं शेंबडं पोरसुद्धा म्हणायचं. लामारा ते फाज बावीस वर्षं मोजत होती. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट मोजायची म्हटल्यावर माणूस थोडा विक्षिप्त होणारच, पण हिनं कहर केला होता. औषधाचा एक थेंब नऊ थेंब पाण्यात, त्यातला एक पुन्हा नऊ थेंबांत, असं आठ वेळा पातळ करायचं. मग ते जंतूंबरोबर काचेच्या ताटलीत ओतून उबेला ठेवायचं. दुसऱ्या दिवशी जंतूंची दुधट साय धरते, आणि जिथे एकेका फाजानं त्यांचा फडशा पाडला तिथे स्वच्छ टिकली उरते. टिकल्या मोजायच्या, की झालं. पण ही बाई ताटली पालथी धरून प्रत्येक टिकलीवर शाईचा ठिपका द्यायची, तोवर कुणी शिंकलं तरी तिला खपत नसे. तीसच्या आत भरल्या तर ताटली रद्द, तीनशेच्या वर गेल्या तरी रद्द. तिचा आकडा एकदाही चुकला नव्हता, हे ती आम्हाला दर आठवड्याला ऐकवायची.

त्या वसंतात आमच्या गल्लीतल्या भट्टीवाल्या अमिरानचा पाय भाजला आणि सडायला लागला. पाव भट्टीच्या आतल्या भिंतीला चिकटवायला कमरेपर्यंत आत वाकणारा माणूस, एका पायावर कसा वाकणार? कुठलंच औषध लागू पडेना. आम्ही मत्क्वारी नदीच्या पाण्यातून, गटाराच्या तोंडाशी जाऊन, त्याच्या जखमेतल्या जंतूला खाणारा फाज शोधून काढला. ताटलीत त्यानं जंतूचा सुपडा साफ केला. सोमवारी औषध दवाखान्यात गेलं. डॉक्टर बादुरींनी बजावलं होतं की शुक्रवारपर्यंत उतार पडला नाही तर घोट्याच्या वरून पाय कापणार.

बुधवारी डॉक्टरांचा फोन आला. जखम जशीच्या तशी आहे, तुमचे विषाणू मेलेले आहेत. लामारानं काय करावं? पुन्हा मोजायला बसली. एकशे चौऱ्याऐंशी. परत मोजलं, एकशे चौऱ्याऐंशी. तिकडे माणसाचा पाय चाललाय आणि ही शाईचे ठिपके देतेय. मी सरळ म्हटलं, "लामारामावशी, आकडा बरोबर असून त्या पायाला काय उपयोग?"

"मग पायावरचे मोजू," ती म्हणाली, आणि मला दवाखान्यात पिटाळलं. औषध लावून दोन तास झालेली पट्टी मी डबीत घालून आणली. पट्टी पिळून निघालेलं पाणी तिनं जंतूंबरोबर ताटलीत ओतलं. गुरुवारी सकाळी बघतो तर साय अखंड. एकही टिकली नाही. ताटलीत लाखांनी जगणारे फाज पायावर दोन तासांत मरत होते.

आम्ही दोघी तडक दवाखान्यात गेलो. नर्स पट्टी सोडून, औषध ओतून दुसऱ्या खाटेकडे वळली होती. अमिरानची आई माकवाला हिनं शालीआडून बाटली काढली आणि जखमेवर बेतानं ओतली. अमिराननं दात आवळले. द्राक्षाच्या चोथ्याची घरची दारू होती, गावाकडची, नाकात जाताच डोळ्यांत पाणी आणणारी. आमच्याकडे ही दारू सर्दीला चालते, पोटदुखीला चालते, दाढेला चालते. दारूनं जंतू मरतात हे तिला ठाऊक होतं. फाजही मरतात हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मला तर ती बाटली खिडकीबाहेर भिरकावावीशी वाटली.

लामारानं ती तिच्या हातातून हळूच काढून घेतली. "माकवाला काकू, आजपासून यावर माझ्या औषधाशिवाय काही घालू नका. पाणीसुद्धा नाही."

म्हातारीचा चेहरा पडला. "मी घातलं त्यानं काही झालं का गं?"

"काही नाही. माझंच औषध पातळ गेलं होतं."

मी तोंड उघडणार तोच तिनं माझा दंड असा दाबला की वळ उठला. मग ती डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "माझी मोजणी एका शून्यानं चुकली. औषध दहापट पातळ गेलं. मला सोमवारपर्यंत वेळ द्या." डॉक्टर तिला वाट्टेल ते बोलले. बावीस वर्षं काय बटाटे मोजत होतीस, असंही म्हणाले. पण शस्त्रक्रिया सोमवारवर ढकलली.

जिन्यात मी तिच्यावर उखडले. खरं सांगितलं असतं तरी मुदत मिळालीच असती. ती म्हणाली, "मिळाली असती. पण ती म्हातारी त्याच्या घरात राहते, सुनेच्या हातचं खाते. पाय गेला असता तर मरेपर्यंत ऐकावं लागलं असतं तिला." मला तेव्हाही पटलं नाही.

पाय वाचला. वाया गेलेल्या दिवसांपायी दोन बोटं मात्र काढावी लागली. लामाराच्या प्रत्येक ताटलीची फेरमोजणी मी करावी असा लेखी हुकूम आला. जिनं मला मोजायला शिकवलं तिचं काम मी तपासायचं. ती ताटली माझ्याकडे सरकवते, माझा आकडा तिच्याइतकाच येतो, आणि दर वेळी माझं डोकं फिरतं.

परवा आम्ही भट्टीवर पावाच्या रांगेत होतो. आत अमिरान काठीला टेकून भट्टीत वाकत होता, गल्ल्यावर माकवाला बसली होती. लामाराला बघून ती रांगेतल्या बायकांना म्हणाली, "हीच ती प्रयोगशाळेतली. मोजायला चुकली आणि माझ्या मुलाची दोन बोटं गेली. पण तोंडानं कबूल केलं हो तिनं, मनाची वाईट नाही." बायका वळून बघायला लागल्या. माझे कान तापले.

लामारा पुढे झाली आणि म्हणाली, "दोन द्या काकू. जरा खरपूस बघून."