सुई न लावलेली ताडपत्री

माझी बायको शिवते आणि मी वाचतो. आमच्या घरात आजवर जेवढे अपघात झाले, ते सगळे वाचण्यामुळे झाले आहेत.

अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीची गोष्ट असेल. मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात स्टोअरमध्ये कारकून होतो आणि आम्ही नाशिकरोडला दोन खोल्यांत राहत होतो. सुमन, म्हणजे माझी बायको, अख्ख्या कॉलनीची ब्लाउजं शिवायची. सकाळी डबे, दुपारी मशीन, संध्याकाळी दोन पोरं आणि उरलेल्या वेळात मी. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात तिने एकच गोष्ट मागितली होती.

"मला दोन दिवस कुठेतरी न्या. मी काही म्हणजे काही करणार नाही. नुसती पडून राहणार."

पोरांना सांभाळायला आई तयार झाली. कुठल्याही शहाण्या माणसाने एखाद्या बऱ्या गावी लॉजमध्ये खोली घेतली असती. पण मला रद्दीच्या दुकानात एक इंग्रजी मासिक सापडलं होतं! त्यात कुणी गोरा गृहस्थ डोंगरात, घरी बनवलेल्या ताडपत्रीखाली ऐटीत कॉफी पीत बसला होता. दोऱ्या बांधायचे बंद त्याने ताडपत्रीला शिवले नव्हते, चिकटवले होते. कारण शिवलं की भोक पडतं, आणि भोकातून पाणी गळतं. हे वाचून मी असा काही भारावलो, की भोकातून पाणी गळतं हे जणू मला त्या दिवशीच कळलं. ऑगस्टात दोन सुट्ट्या जोडून येत होत्या. घोटीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी मुक्काम करायचा, असं मी जाहीर करून टाकलं. (ऑगस्टात तिकडे किती पाऊस पडतो हे मला माहीत होतं. पण पावसाशिवाय ताडपत्रीची परीक्षा कशी व्हायची? बायकोला विश्रांती हवी होती, हा मुद्दा एव्हाना मागे पडला होता.)

मांजरपाट आणला. दोन पन्ने जोडायचे होते, ते मी मासिकातलं पुढचं पान वाचायच्या आत सुमनने मशीनवर जोडूनही टाकले. माझा जीव हळहळला. मग मेणबत्त्या वितळवून रॉकेलात कालवल्या आणि गच्चीवर बसून ते मिश्रण ब्रशने कापडाला फासलं. चार दिवस आमच्या घरातल्या चहालासुद्धा रॉकेलचा वास येत होता. शेवटी खाट उलटी करून तिच्या चार पायांना कापडाची झोळी अडकवली आणि त्यात बादलीभर पाणी ओतलं. एक थेंब गळला नाही! शेजारचे लोक बघायला आले. मी त्यांना मासिकही दाखवलं.

आता राहिले बंद. सायकलच्या जुन्या ट्यूबचे आठ गोल कापले, दर कोपऱ्याला दोन, प्रत्येकात खाटेच्या नवारीचा एकेक फास अडकवला, आणि सोल्युशन आणायला गफूरभाईंकडे गेलो. तीस वर्षं पंक्चर काढणारा माणूस. कशाला हवंय, म्हणून त्यांनी विचारलं. मी सगळं सविस्तर सांगितलं.

"साहेब, तेलकट जागेवर सोल्युशन पकडत नाही," गफूरभाई म्हणाले. "आणि मेण तर तेलाचा बाप आहे."

मी त्यांना आधुनिक विज्ञानाबद्दल चार शब्द सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकले आणि दोन ट्यूब सोल्युशन हातावर ठेवलं.

घरी सुमन म्हणाली, आठही बंद ती अर्ध्या तासात शिवून देते, वरून शिवणीला पुन्हा मेण लावलं की झालं. इतकं सोपं उत्तर मला कसं चालणार? ज्या बाईने आठ वर्षं सुईवर घराचा भाजीपाला चालवला, तिला मी अर्धा तास सुईचे तोटे समजावून सांगितले. ती "बरं" म्हणाली. तिच्या त्या "बरं"ला मी अजूनही घाबरतो, पण तेव्हा मला ती पटल्याची खूण वाटली.

बंद चिकटवले आणि दाब बसावा म्हणून तीन दिवस घरातली प्रत्येक जड वस्तू ताडपत्रीवर होती. ट्रंका, पाटा, शिलाई मशीनचं डोकं. चटणी वाटायची वेळ आली की आई काहीतरी पुटपुटायची, त्यात माझं नाव असायचं. चौथ्या दिवशी मी एका बंदाला माझा ओला बनियन टांगून पाहिला. टिकला! (बनियनच का? कारण त्याहून जड काही टांगायची मला आतून भीती वाटत होती. हे मी आज प्रथमच कबूल करतोय.)

घोटीला एसटीतून उतरून आम्ही तासभर चाललो. भाताच्या खाचरांच्या कडेला आंब्याची तीन झाडं होती. चौथ्या कोपऱ्याला मी खुंटी ठोकली, दोऱ्या ओढल्या आणि ताडपत्री उभी राहिली. सुमनने सतरंजी अंथरली, उशाला पिशवी घेतली, डोळे मिटले आणि असा एक सुस्कारा सोडला, की मला त्या गोऱ्या माणसाला पत्र लिहावंसं वाटलं.

मग पाऊस आला, आणि पावसाबरोबर वारा. पहिला बंद सुटला तेव्हा मी म्हटलं, सात आहेत. चौथा सुटला तेव्हा मी म्हटलं, निम्मे आहेत. पुढचे मोजायला सवडच मिळाली नाही. रबराचे गोल मेणावरून अलगद निसटून चिखलात पडत होते, आणि अख्खी ताडपत्री सुमनच्या अंगावर बसली.

"लागलं का गं?" मी ओरडलो.

"नाही," ताडपत्रीखालून आवाज आला. "आत अगदी कोरडं आहे."

डोक्यावर इरलं घेतलेला एक शेतकरी बांधावरून हे सगळं बघत होता. तो खाली उतरला. लिंबाएवढा दगड उचलला, ताडपत्रीच्या कोपऱ्यात आतून धरला, बाहेरून कापडाला दोरीचा पीळ देऊन गाठ मारली.

"खडा घालून बांधायचं दादा. मंग सुटत नाय," तो म्हणाला. ना भोक, ना शिवण, ना सोल्युशन. दोन मिनिटांत तीन कोपरे तीन झाडांना ताठ बसले. मधल्या शिवणीतून (सुमनच्या!) थेंब गळत नव्हता. चौथ्या कोपऱ्याला दगड घातला, दोरी खुंटीला बांधली, तर खुंटी चिखलासकट उपटून आली.

"हितं खुंटी धरायची नाय. लय चिखल हाय," शेतकरी म्हणाला. "कुनीतरी मानूसच पायजे."

माणूस कुठे मिळेल म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं. ते दोघं माझ्याकडे बघत होते.

"मी काही करणार नाही असं ठरलं होतं ना?" सुमन म्हणाली. तिने कूस बदलली आणि खरोखरच झोपली. आठ वर्षांत दुपारी झोपलेली मी तिला पहिल्यांदाच पाहिलं, तेही पावसात उभं राहून, दोरी दोन्ही हातांत धरून. हात भरून आले तरी सोडायची छाती झाली नाही. शिंक आली, तीसुद्धा गिळली.

दोन तासांनी ती उठली, ताडपत्री खालून वर न्याहाळली, मग मला न्याहाळलं. म्हणाली, "मासिकवाल्याला कळवा. आठ गेले, पण एक बंद पक्का बसलाय."