जुळलेल्या दोन याद्या

हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही — पत्नीला नाही, संस्थेतल्या सहकाऱ्यांना नाही. तुम्हाला सांगतो आहे. सांत्वन करू नका.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी कुरखेड्यातल्या एका संस्थेत जाऊ लागलो. शासनाच्या दिव्यांगांच्या यादीत कितीतरी माणसे नसतात, ही आमची जुनी तक्रार. तक्रार खरी होती. शेवटी तहसीलमधून उत्तर आले — तुम्ही घरोघर जाऊन स्वतंत्र यादी करा, आम्ही ताडून पाहू. याचसाठी तर आम्ही भांडत होतो ना?

माझ्या वाट्याला तलावाकाठचा ढिवरांचा टोला, म्हणजे मासेमारांची वस्ती, आला. भाताच्या रोवणीचे दिवस, घरे बंद, माणसे शेतांच्या बांध्यांमध्ये. दोनदा परत आलो. तिसऱ्यांदा — कसे लिहू? — ग्रामपंचायतीत बसून शासनाचीच यादी उतरवून काढली. संशय येऊ नये म्हणून नावांचा क्रम बदलला. मी — ज्याने आयुष्यभर परीक्षेत मुलांच्या नकला पकडल्या.

निघताना टोल्यातली सेवंताबाई भेटली, गुडघ्यापर्यंत चिखल. तिच्या सरिताच्या पायांत जन्मापासून बळ नाही.

"गुरुजी, माह्या सरिताचं नाव लिवलं ना जी?"

शासनाच्या यादीत ते नव्हते. म्हणून माझ्याही नव्हते. लिहायचे तर तिच्या घरात जाणे, मुलीशी बोलणे, चार पानी प्रश्नावली भरणे आले. आभाळ भरून आले होते — नाही, ही सबब झाली. मी म्हणालो, "लिहिलं."

तहसीलच्या बैठकीत दोन्ही याद्या तंतोतंत जुळल्या. न जुळून काय करतील? साहेबांनी आमच्या चिकाटीचे कौतुक केले आणि टोल्याची यादी पूर्ण असल्याचा शेरा मारला. खाली माझी सही.

पुढे सरिताच्या तीनचाकी सायकलीचा अर्ज परत आला — दोन्ही याद्यांत नाव नाही. सेवंताबाई तो कागद घेऊन माझ्याकडेच आली.

"तुमी तं लिवलं होतं. तहसीलातल्या त्या मेल्या बाबूनंच गिळलं असन माह्या पोरीचं नाव!"

तेव्हा बोलता आले असते. पण एक नाव दुरुस्त करायचे तर सगळी यादी उघडी पडणार होती. मी म्हणालो, "असेल."

त्यानंतर फेरअर्ज, पडताळणी, पुन्हा फेरअर्ज. दर वेळी माझीच सही आडवी आली.

नव्या कार्यकर्त्यांना आता मी शिकवतो — दारातून विचारू नका, घरात जा. ते निमूट लिहून घेतात.

सरिता आईच्या पाठीवरून शाळेत जात असे. आता ती मोठी झाली, आईची पाठ वाकली, शाळा सुटली. घरातल्या घरात हातांवर सरकते. मी गेलो की सरिताच माझ्यासाठी खुर्ची पुढे ढकलते. सेवंताबाई चहा ठेवते आणि त्या बाबूला शिव्या घालू लागते.

मी खुर्चीत बसून ऐकतो.