दसऱ्याचं नवं तेल

लकडगंजातले लोक आमच्या यांना अकरा वर्षं तेलचोर म्हणत होते. तोंडावर नाही, पण ऐकू जाईल असं.

यांचं नाव शालिकराम. मोटारींचे मिस्त्री. लग्नाआधी चार वर्षं मुंबईला मोठ्या अमेरिकन गाड्यांवर हात बसवून आले होते. क्लच नसलेल्या, आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्या त्या काळी नागपुरात बोटावर मोजण्याइतक्या होत्या, आणि त्या उघडण्याची हिंमत फक्त यांची.

त्या गिअरपेटीत लालसर पातळ तेल असतं. गाडी नवी असल्यापासून ते वेळच्या वेळी बदललं तर बदलणं चांगलंच. पण वर्षानुवर्षं कोणी हात लावला नाही, तेल काळं पडलं, जळका वास मारू लागलं, की मग त्याला शिवू नये. आतल्या प्लेटांची झिजलेली भुकटी त्याच तेलात असते आणि तिच्याच आधारानं त्या थकलेल्या प्लेटा एकमेकींना धरून असतात. हे म्हणत, "जुनी गोधडी मळानंच टिकते वं. धुतली की चिंध्या." तरी नेम नसतो. दहातल्या चार गाड्या नवं तेल पचवतात, सहा बसतात.

अडुसष्ट सालची गोष्ट. हे तेव्हा लकडगंजातल्या एका गॅरेजात नोकरीला होते. मनोहरराव म्हणून लाकूड कापायच्या आरा मशीनचे मालक, त्यांची अशी एक गाडी होती. आपल्याकडे दसऱ्याला गाडी धुतात, झेंडूचा हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. मनोहररावांचा त्यावर आणखी एक नेम: पूजेआधी गाडीतलं तेल न् तेल नवं पाहिजे.

"इंजिनचं बदलतो, पण गिअरचं राहू द्या मालक," हे म्हणाले. "लई जुनं झालं ते. आता बदलवलं तर गाडी बसंल."

"देवापुढं शिळ्या तेलाचा दिवा लावतं का गा कोणी? तू मिस्त्री आहेस, भटजी नाहीस. बदलव."

नोकर माणूस. बदलवलं. आठव्या दिवशी मनोहरराव बायकोला घेऊन रामटेकला निघाले आणि कामठीच्या पुढे इंजिन नुसतं गुरगुरायला लागलं. गाडी जागची हलेना. दोघं एसटीत उभ्यानं परत आले.

दुसऱ्या दिवशी लकडगंजाच्या चौकात, पानठेल्यापुढे, मनोहररावांनी यांना हाक मारून बोलावलं. चाळीस-पन्नास माणसं असतील. "यानं माझ्या गाडीतलं चांगलं तेल काढून विकलं," ते म्हणाले, "अन् आत घाण भरली. आपापल्या गाड्या सांभाळा रे बाबा." लोक हसले. संध्याकाळपर्यंत नोकरी गेली.

हे घरी आले, हात धुतले आणि ताटावर बसले. जेवले नाहीत. ताट पुढे घेऊन बसून राहिले. ते मी विसरले नाही.

पुढे कळमेश्वरला एका जिनिंगमध्ये ट्रॅक्टर दुरुस्त करत सहा वर्षं काढली. मग धरमपेठेत एक टिनाचं शेड घेतलं, मागे दोन खोल्यांत आमचा संसार. हाताला यश होतं, काम मिळत गेलं. पण लकडगंजाची एक सायकलसुद्धा आली नाही. मी रोज देवीपुढे दिवा लावायची. दुसऱ्या बाया लेकराबाळांसाठी मागतात. मी मागायची, आई, त्या माणसाला त्याच चौकात उभं कर. असं मागणं चांगलं नाही हे मला कळत होतं. मागत होते.

एकोणऐंशी साली, घट बसायच्या आदल्या दिवशी, एक लांबलचक हिरवी गाडी शेडपुढे थांबली. मागच्या सीटवरून मनोहरराव उतरले. केस पिकलेले, आवाज तोच. ही दुसरी गाडी त्यांनी मुंबईहून जुनीच घेतली होती. मी दाराशी तांदूळ निवडत होते.

"ओळखलं का गा?"

"ओळखलं," हे म्हणाले.

"अशा गाडीचा मिस्त्री शोधून राहिलो, तर सगळे तुझंच नाव घेऊन राहिले. झालं गेलं सोड. लेकीचं लग्न आहे तुळशीच्या लग्नानंतर. वरात या गाडीतूनच काढतो म्हणून व्याह्याले शब्द देऊन बसलो. दसऱ्याच्या आत सगळं तेल नवं करून दे."

यांनी बॉनेट उघडून गिअरच्या तेलाची कांडी काढली, पांढऱ्या चिंधीवर पुसली. चिंधीवर काजळासारखा डाग उमटला. यांनी ती नाकाशी नेली आणि तशीच खिशात घातली.

"गिअरचं राहू द्या," हे म्हणाले. हळूच म्हणाले.

मनोहरराव ड्रायव्हरकडे पाहून हसले. "पुन्हा तेच गाणं! अबे, आता तर स्वतःचं गॅरेज आहे तुझं. आता काहून भीती? का डबाभर तेलावर अजून जीव आहे?"

ड्रायव्हरही हसला.

हे आणखी एकदा सांगू शकले असते. चिंधी दाखवू शकले असते, वास घ्यायला लावू शकले असते. गोधडीची गोष्ट तर मला यांनी शंभरदा सांगितली होती. ती मनोहररावांना सांगितली नाही. "परवा गाडी घेऊन जा," एवढंच बोलले. मीही तांदळातून मान वर काढली नाही.

तेल यांनी उत्तम प्रतीचं घातलं. गाळणी धुतली, पेटीची तळाची झाकणी स्वतः पुसली. काम करताना शीळ घालत होते. अकरा वर्षांत मी ती ऐकली नव्हती.

"चारांतली निघाली तर?" मी विचारलं.

"तर त्याचं नशीब. मी काही बिघडवून नाही राहिलो वं. जे सांगितलं तेच करून राहिलो."

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी गाडी बसली.

दिवाळीच्या आधी मनोहररावांच्या बायको, प्रेमिलाबाई, आमच्याकडे आल्या. चांगली बाई. मी पाट दिला, हळदीकुंकू लावलं, चहा ठेवला.

"जयवंताबाई, तुमच्या मालकाले सांगा वं," त्या म्हणाल्या. "लेकीच्या सासरी तोंड दाखवायची सोय नाही राहिली. दुसरे दोन मिस्त्री पाहून गेले, कोणी पेटीले हात लावत नाही. आमचे हे स्वतः येत नाहीत, लाजतात."

गाडीच्या प्लेटा गेल्या आहेत आणि त्या नागपुरात काय, मुंबईतही मिळणार नाहीत, हे मला यांनी त्याच सकाळी सांगितलं होतं. मी प्रेमिलाबाईंना ते सांगितलं नाही.

"पैशाचं काही नाही," मी म्हणाले. "तुमच्या मालकांनी चौकात जे म्हटलं, ते तिथंच उभं राहून परत घ्यावं. मग हे येतील."

त्यांनी डोळे पुसले, कप खाली ठेवला आणि गेल्या. चहा अर्धा तसाच राहिला.

चार दिवसांनी मनोहरराव चौकात उभे राहिले. मी गेले होते. बायकांनी तिथं जायची रीत नव्हती, तरी गेले.

"शालिकरामनं तेल चोरलं नव्हतं," ते म्हणाले.

"मोठ्यानं," हे म्हणाले.

"चोरलं नव्हतं! मीच बदलवायले लावलं होतं. तो नाही म्हणत होता."

पानठेल्यावरचा एक म्हातारा म्हणाला, "हे सांगाले अकरा वर्षं लागली गा मनोहरराव?" यावेळी लोक त्यांना हसले.

मग हे आरा मशीनवर गेले, गिअरपेटी उतरवली आणि आतल्या काळ्या, गुळगुळीत झालेल्या प्लेटा वर्तमानपत्रावर मांडल्या.

"संपल्या. याले इलाज नाही."

मनोहररावांनी प्लेटांकडे पाहिलं, मग यांच्याकडे. "तुले हे आधीच माहीत होतं?"

"होतं."

"मग मले चौकात काहून उभं केलं?"

"ते वेगळं काम होतं," हे म्हणाले. "ते झालं."

वरात भाड्याच्या गाडीतून निघाली. व्याह्यांनी चारचौघांत टोमणा मारला असं कानावर आलं. मला मुलीसाठी वाईट वाटलं, बापासाठी नाही. त्या रात्री दिवा लावला तेव्हा देवीपुढे हेच म्हटलं, तिच्याशी काय खोटं बोलायचं.

त्यानंतर लकडगंजाच्या गाड्या येऊ लागल्या. पहिले आले रुपराव, जीप घेऊन. तेलचोर हा शब्द चौकात सगळ्यात जास्त त्यांच्याच तोंडी असे.

"शालिकरामभाऊ, ब्रेक पाहून द्या गा."

"अकरा वर्षं कोण पाहत होतं?"

"आता जाऊ द्या ना, जुन्या गोष्टी."

"तोच पाहील," हे म्हणाले आणि हातातल्या पान्याकडे वळले.

मी रुपरावांना चहा दिला. दारी आलेल्याला चहा द्यायचाच. त्यांनी तो उभ्यानंच घेतला. हे देवाघरी जाईपर्यंत मिस्त्रीच राहिले, पण लकडगंजाची एकही गाडी त्यांनी शेडमध्ये घेतली नाही, आणि मीही कधी घ्या म्हटलं नाही.