धाकट्याचा हात

आमच्या धाकट्यासारखा पॉलिशवाला शोधून सापडायचा नाही. भाऊ आहे म्हणून सांगत नाही, आणि सांगत असलो तरी खरंच आहे. बाकीचे लाकूड डोळ्यांनी बघतात, हा डोळे मिटून तळवा फिरवतो. "दादा, इथे अजून लागतंय." मला तिथे काही दिसत नाही, पण पॉलिश चढलं की बरोबर तिथेच ओरखडा! कारखान्यात त्याला सगळे गुळगुळीतच म्हणतात.

त्याच्या नाकातून रक्त यायचं. मी म्हटलं, भुसा. भुशात राबणाऱ्या कुणाचं नाक धड असतं? भारीतला मास्क आणून दिला, विषय संपवला. अंग दुखायला लागलं, पायांवर लाल ठिपके उठले, तरी माझं आपलं भुसाच.

मग एकदा टेबलावर हात फिरवता फिरवता तो थांबला.

"दादा, लाकूड लागत नाहीये."

"मग झालं की गुळगुळीत!"

"तसं नाही रे. बोटांना काही कळतच नाहीये."

मी त्याला तसाच उठवून दवाखान्यात नेला.

डॉक्टर बाईंनी लघवी तपासली, तर त्यात रक्त. म्हणाल्या, "आता रक्तात अँका नावाची अँटीबॉडी शोधायचीय. ती आपल्याच पांढऱ्या पेशींना चिथावते, मग रक्तवाहिन्या सुजतात. नाकातल्या, किडनीतल्या, बोटांना जाणीव देणाऱ्या मज्जातंतूंच्या, कुठल्याही."

"आणि सापडली तर?"

"नुसत्या तेवढ्यावर ठरवत नाही. पण याची किडनी धोक्यात आहे, औषध आजच सुरू करू."

मी एकटा अख्खं कपाट खांद्यावर घेणारा गडी. त्या दिवशी बाकावर बसलो तो उठवेना.

रिपोर्ट आला. सापडली.

आता किडनी सावरतेय म्हणतात. बोटांबद्दल विचारलं की बाई म्हणतात, वेळ लागेल, पूर्वीसारखी होतीलच असं सांगता येत नाही. मी रोज लाकडाचा एक तुकडा पॉलिशपेपरने घासून त्याच्याकडे नेतो. तो डोळे मिटून बोट फिरवतो आणि मान हलवतो, नाही.

काल म्हणाला, "खरखरीत आहे."

मी उडालोच. "लागलं तुला?"

"छे! पण तू घासलायस ना दादा, मग खरखरीतच असणार."

तो हसला, मीही हसलो. तुकडा परत खिशात टाकायला गेलो, तर खिसाच सापडेना.