जेठांनी नाकारलेली हीर

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी जेठांशी कधी बोलले नव्हते. भांडण नव्हतं, रीत होती. जेठ म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि काही सांगायचंच असलं तर मध्ये एखादं पोर धरायचं. पोर नसलं तर भिंत. "वीज गेलीय म्हणावं," असं मी भिंतीला सांगायची आणि जेठ ते भिंतीकडूनच ऐकायचे. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला हे किती जड गेलं ते माझं मला माहीत. माहेरी कोरीटला माझ्या तोंडाला कुणी कधी कुलूप लावलं नव्हतं.

त्यात भर म्हणजे या दोघा भावांचंही बोलणं बंद. कारण विचाराल तर हसाल. एका उन्हाळ्यात जेठांनी आपली पाळी संपल्यावरही मोटर चालू ठेवली आणि आमची पपईची रोपं सुकली. आमचे हे रागीट नाहीत, पण त्या दिवशी भरपूर बोलले. जेठ एक शब्द बोलले नाहीत, आणि त्यानंतर बोललेच नाहीत. गंमत अशी, की बोलणं बंद झालं तरी पाळी बंद झाली नाही. एक दिवस त्यांची मोटर, एक दिवस आमची. हीर एकच होती ना!

आमच्याकडे विहिरीला हीर म्हणतात. ती खोदली सासऱ्यांनी. वाटणी झाली तेव्हा ती आमच्या हिश्श्यात आली, पण बांधाला इतकी लागून की त्यांच्या म्हशीसुद्धा तिथेच पाणी पितात. सासऱ्यांनी ती सातबाऱ्यावर मुद्दाम लावली नाही. म्हणायचे, एकाच्या नावावर लिहिली की दुसरा तिथे पाहुणा झाला. त्यामुळे सरकारच्या लेखी तिथे हीर नाही, नुसतं रान आहे. पिढीभर त्याने कुणाचं काही अडलं नाही.

अडलं ते तेलाच्या लाईनमुळे. गुजरातकडून तेल वाहून नेणारा मोठा पाइप आमच्या शिवारातून जाणार, अशी आधी कुजबुज होती. मग मोजणीवाले आले आणि रानात खुंट्या ठोकून, चिंध्या बांधून गेले. गावात दुसरा विषयच उरला नाही. जमीन आपलीच राहणार, वर पीकही घेता येणार; फक्त त्या पट्ट्यात घर बांधायचं नाही, मोठं झाड लावायचं नाही, हीर खोदायची नाही. काहींना हे चालत होतं. काहींना भलती भीती वाटत होती. आणि आमच्या रानातली एक खुंटी हिरीपासून इतकी जवळ होती, की मी कठड्यावर हंडा टेकवला की चिंधी पदराला लागायची. मी ती दोनदा उपटली. दोनदा मोजणीची पोरं पुन्हा ठोकून गेली.

मग शाळेच्या पटांगणात मंडप घालून सुनावणी झाली. टेबलामागे साहेब लोक, फळ्यावर नकाशा, त्यावर एक तांबडी रेघ आणि एक निळी. तांबडी म्हणजे ठरलेला रस्ता, निळी म्हणजे अडचण आली तर दुसरा. नकाशा कुणालाच कळत नव्हता, पण सगळे माना डोलावत होते.

बोलणं मात्र चांगलं झालं, खोटं कशाला सांगू. एक म्हातारबाबा म्हणाले, तापी पुरात कूस बदलते, तेव्हा तुमचा पाइप कुठे राहील? प्रकाशा तीर्थावर लोक अंघोळीला येतात, त्यांच्या अंगाला तेल लागलं तर? इंजिनीअर पोरगा तरुण होता, पण हुशार. म्हणाला, पाइप नदीच्या तळाच्याही खूप खालून जाईल. शहाद्याचे पपईचे व्यापारी, ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो, ते उठून म्हणाले, "बेटा, मालाला जरा वास आला तरी दिल्लीवाला ट्रक माघारी पाठवतो. मग तुझा कागद मी त्याला दाखवू का?" लोक हसले. पोरगाही हसला.

मी बायकांच्या बाजूला बसले होते. विचारलं, "फुटला तर कळेल कसं?"

तो म्हणाला, "ताई, दाब कमी झाला की कंट्रोल रूममध्ये लगेच अलार्म वाजतो."

"तिथे वाजेल हो. इथे काय वाजेल?"

पोरगा माझ्याकडे वळला. म्हणाला, "धोका फार कमी आहे, ताई. अजिबात नाही, असं मी म्हणणार नाही." मला तो आवडला. खोटं बोलायला त्याला काय लागत होतं? काळं रान उन्हाळ्यात हात जाईल एवढं भेगाळतं. तेल गळलं तर त्या भेगांतून हिरीत उतरायला किती वेळ? हीर गेली तर दोन्ही घरांची पपई गेली, ऊस गेला, प्यायचं पाणी गेलं. माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

मग साहेबांनी विचारलं, की तांबड्या रेघेवर कुठे हीर, बोअर, काही आहे का. आमचे हे उठेनात. नोंद नसलेली हीर सांगायची म्हणजे सरकारदरबारी आणखी झेंगट नको, असा यांचा स्वभाव. मी कोपराने ढोसण्याइतकी जवळ नव्हते. तेवढ्यात जेठ उठले. मला बरं वाटलं. म्हटलं, थोरले आहेत, बोलतील.

जेठ म्हणाले, "त्या रेघेवर हीर नाही, साहेब. सातबारा बघा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. अख्ख्या गावाला माहीत असलेली हीर! ज्या बापाने खोदली त्याचा हा थोरला मुलगा! माझ्या कानशिलांतून धग निघाली. पदर डोक्यावरच होता, तेवढी रीत मी पाळली. उठले, तोंड साहेबांकडे केलं आणि म्हटलं, "साहेब, यासले इचारा, आज सकाये आंघोय करी ते पानी कोठलं व्हतं?"

मंडप खदखदून हसला. जेठांचा चेहरा उतरला आणि ते खाली मान घालून मंडपातून निघून गेले. साहेबांनी लिहून घेतलं, की जागेवर येऊन बघू.

घरी आल्यावर आमचे हे म्हणाले, "भर सभामा जेठले बोलनी तू!"

"जेठले कोठे? मी ते साहेबले सांगं."

दुसऱ्या दिवशी मोठ्या जाऊबाई पाण्याला आल्या. त्यांचं माझं बोलणं कधीच बंद नव्हतं. नाहीतर दोन्ही घरं केव्हाच बुडाली असती. हंडा भरून झाला तरी त्या जाईनात. मग म्हणाल्या, "तुन्हं म्हननं खरं शे, बहिन. पन आम्हना पोऱ्यानं घर जाई."

तेव्हा मला निळी रेघ कळली. तांबडी सरकली की लाईन निळीवरून जाणार, आणि निळी जेठांच्या सडकेकडच्या तुकड्यातून जात होती. तिथे पुतण्यासाठी त्यांनी घराची आखणी केली होती. विटासुद्धा येऊन पडल्या होत्या. पुतण्याची बायको दिवसांत होती आणि जुन्या घरात पाय पसरायला जागा नव्हती. म्हणून जेठांनी हीर गिळली होती.

राग गेला का? नाही गेला. पण त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं आणि मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

श्रावण लागला. नागपंचमी झाली आणि साहेब लोक जागा बघायला आले ते नेमके कानबाईच्या आदल्या दिवशी. कानबाई आमच्या खानदेशाची देवी. तिच्या प्रसादाच्या रोटांसाठी भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेतात, सगळे गहू एकत्र दळतात, आणि ते रोट फक्त त्या भाऊबंदांनीच खायचे, बाहेर कुणाला द्यायचे नाहीत. आमची कानबाई थोरल्या घरी बसते. भाऊ बोलत नसले तरी दरवर्षी दोघे एकाच पंगतीत बसून, एकमेकांकडे न बघता, तेच रोट खातात. आणि आमच्या घराचा नेम असा, की रोटांची कणीक त्या हिरीच्याच पाण्यात मळायची.

साहेब हिरीजवळ उभे राहिले. तो इंजिनीअर पोरगा कठड्यावरून आत वाकून बघत होता. साहेबांनी विचारलं, "ही कुणाची?"

आमचे हे जमिनीकडे बघत राहिले. नोंद नाही, भाऊ बोलत नाही, सांगणार काय? जेठ बांधापलीकडे उभे होते. ते बांध ओलांडून आले. कठड्यावर हात ठेवला.  मग म्हणाले, "हाई हीर आम्हना बापनी शे. दोन्ही भाऊसनी शे."

पोरगा हळूच म्हणाला, "काका, मग लाईन तुमच्या तुकड्यातून जाईल."

"माहीत शे," जेठ म्हणाले, आणि म्हशी सोडायला निघून गेले.

मी पदरात तोंड खुपसून रडले. 

संध्याकाळी गहू घेऊन आम्ही दोघं थोरल्या घरी गेलो. सडकेला आमचाही एक कोपरा होता, दोन्ही रेघांपासून दूर; वाटेभर माझ्या डोक्यात तोच होता. जाऊबाई दळायला बसल्या होत्या. जेठ ओसरीवर सुतळी वळत होते. आमचे हे नेहमीसारखे त्यांच्याकडे पाठ करून बसले. मी गहू खाली ठेवले. भिंतीकडे बघितलं. मग म्हटलं, जळो ती भिंत, आणि सरळ जेठांकडे तोंड करून बोलले, "सडकवरना कोपरा आम्हना शे. तठे बांधा घर."

जाऊबाईंचं जातं थांबलं. जेठांनी मान वर केली. लग्नाच्या दिवसानंतर त्यांनी मला पहिल्यांदाच धड पाहिलं असेल. आणि पहिल्यांदाच मला उत्तर दिलं, तेही ओरडून, "मी काय भीक मांगी ऱ्हायनू?"

"हीरनं पानी पेतस ते काय भीक शे का?"

 मला वाटलं, झालं, आता कानबाईसुद्धा वेगळी बसणार. जेठांनी सुतळी बाजूला ठेवली, आमच्या यांच्या पाठीकडे बघितलं आणि म्हणाले, "हिन्हं तोंड पहिलापाईन असंच शे का रे?"

आमचे हे वळले. म्हणाले, "आते समजनं का तुले?"

एवढंच. इतक्या वर्षांनी दोघे भाऊ बोलले, ते माझ्या तोंडाच्या तक्रारीवर. जाऊबाई जात्यावर हसत सुटल्या. मला हसावं का रडावं कळेना, म्हणून मी रागावून आत गेले आणि परात शोधू लागले.

घराचं मात्र जेठांनी हो म्हटलं नाही. रोट खाल्ले, कानबाईला तापीवर पोहोचवून आलो, तरी नाही. मी परत विचारलं नाही. मलाही माझा मान आहे. पण त्याच आठवड्यात मी पहाटे पाण्याला गेले, तर सडकेकडच्या आमच्या कोपऱ्यात कुणीतरी वाकून चालत होतं. जेठ होते. चप्पल काढून, पावलाला पाऊल जोडून जमीन मापत होते. मला पाहताच सरळ उभे राहिले आणि म्हशीला हाक मारू लागले. म्हैस तिथे नव्हतीच. मी पदर डोक्यावर घेतला, काही दिसलंच नाही असं केलं आणि हिरीत पोहरा सोडला.