सालींचं पाणी

चढ अर्धाही सरला नव्हता आणि थोरली पुन्हा बसली. या खेपेला एका बंद दुकानाच्या पायरीवर. धाकटीने पाण्याची बाटली पुढे केली, पण थोरलीने नुसताच हात हलवला. थोडा श्वास जमला की तिच्या तोंडून पहिला टोमणाच निघायचा, हे धाकटीला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. म्हणून ती वाट बघत उभी राहिली.

"बस सोडून चालत आलो ते बरं केलं ना, ताई?"

"फार बरं केलं. बसमध्ये धुराने गेले असते, आता चढाने जाईन. तेवढंच मोकळ्या हवेत."

"शुभ बोला हो."

"मोकळी हवा म्हटलं की! याहून शुभ काय बोलू?"

दोघी सख्ख्या जावा. दोघींचे नवरे मागेपुढे गेले. थोरली मुलाकडे राहायची, धाकटी लेकीकडे. आज दोघी टेकडीवरचा वृद्धाश्रम बघायला निघाल्या होत्या, थोरलीसाठी.

थोरलीला गल्लीत सगळे 'सालवाली' म्हणायचे. आयुष्यभर तिने एका मोठ्या कचेरीत सफाईचं काम केलं. हात असा चालायचा की तिने पुसलेल्या जिन्यावर लोक चपला काढून चढायचे म्हणे. एकदा तिथल्या संडासातला एक डाग काही केल्या निघेना. एका औषधाला डाग जुमानत नव्हता म्हणून तिने त्यावर दुसरं ओतलं. एकाला दुसऱ्याची साथ मिळाली की काम झटपट होईल, असा तिचा सरळ विचार. दार लावलेलं होतं. पिवळट धूर उठला, आणि दार तोडून तिला बाहेर काढेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं. जीव वाचला, छाती गेली. तेव्हापासून फिनेल म्हणू नका, अ‍ॅसिड म्हणू नका, साधा सुगंधी फवारा जरी कुणी मारला तरी तिचा घसा आवळून यायचा आणि ओठ निळे पडायचे. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, भाजलेली छाती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही, जपा.

पण म्हणून घर पुसायचं थोडंच थांबतं? ती कोपऱ्यावरच्या रसवाल्याकडून लिंबाच्या, संत्र्याच्या साली आणायला लागली.

"आजी, कधीतरी रस पण प्या की. नुसत्या साली नेता!"

"रस तूच पी बाबा. तुझ्या हाडांवर जरा मांस दिसू दे."

साली, गूळ आणि पाणी बरणीत भरायचं, तोंडाशी थोडी जागा ठेवायची. रोज झाकण सैल करून आतली हवा सोडायची, नाहीतर बरणी फुटायची. असं तीन महिने. गोडी पार गेली आणि पाणी झणझणीत आंबट झालं की गाळून घ्यायचं. त्याने फरशी अशी निघायची की धाकटीही एक बाटली मागून न्यायची. मोरीला खाण्याचा सोडा, काचांना व्हिनेगर, करपलेल्या भांड्यांना राख. थोरलीचा नियम एकच होता. जे जिभेला लावता येतं तेच जमिनीला लावायचं.

"मग तेच वाढा ना आम्हाला ताटात," सून म्हणायची आणि दोघी हसायच्या. त्या घरात हसणं होतं तेव्हाची ही गोष्ट.

मग सूनबाई दिवस भरायच्या आत बाळंत झाली. मुलगी झाली, अगदी ओंजळीएवढी. बरेच दिवस तिला दवाखान्यातच काचेच्या पेटीत ठेवली होती. आणि एका दुपारी अचानक मुलाचा निरोप आला, उद्या घरी आणतोय, घर लख्ख करून ठेव.

थोरलीकडचं मुरलेलं पाणी संपलं होतं. पुढची बरणी अजून तयार नव्हती. तिने बोट बुडवून जिभेला लावलं. गोड लागलं. दुसरी कुणी असती तर साध्या पाण्याने पुसून मोकळी झाली असती. पण नात पहिल्यांदा घरात पाऊल टाकणार, म्हणजे कुणीतरी कडेवर घेऊन टाकणार, आणि घर नुसत्या पाण्याने पुसायचं? जिभेला चालतंय म्हणजे जमिनीला चालेल, असं म्हणून तिने बरणी उघडली. सगळं घर त्या पाण्याने पुसलं. पाळण्याचे पायसुद्धा.

दुसऱ्या दिवशी बाळ आलं, पाळण्यात निजलं, आणि पहाटे सुनेच्या किंकाळीने घर जागं झालं. मुंग्या. पाळण्याच्या पायांवरून रांग चढली होती. पापण्यांवर, कानात, बोटांच्या बेचक्यांत. त्या जीवाला मोठ्याने रडायचंही बळ नव्हतं.

बाळ पुन्हा दवाखान्यात गेलं आणि देवाच्या दयेने परत आलं. सून सासूला एका शब्दानेही बोलली नाही. तिने सगळ्या बरण्या मोरीत ओतल्या आणि बाजारातून जंतुनाशकाचे डबे आणले. सकाळ-संध्याकाळ घर पुसायला लागली. थोरलीला बोलायला तोंड होतं कुठे? सुनेने बादली काढली की ती उठायची आणि जिन्यात जाऊन बसायची. वास जिन्यात यायला लागला तशी खाली रस्त्यावर. एकदा जिन्यातच कोसळली. धाकटीने तिला दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टर दोघींसमोर म्हणाले, ही छाती आता फार दिवस काढायची नाही.

मुलाची अवस्था इकडे आड तिकडे विहीर. शेवटी त्याने या आश्रमात जागा आहे असं कळल्यावर धाकटीला बाजूला घेतलं होतं.

"काकू, तुम्ही आईबरोबर जा. आई मला खरं सांगायची नाही. तुम्ही आजवर कधी खोटं बोलला नाहीत. तिथे तिला श्वास घेता येणार असेल तरच मी तिला पाठवीन. नाहीतर मी तिला घेऊन वेगळा राहतो."

चढ संपला. फाटकातून आत गेल्यावर धाकटीच्या मनात उगाच आशा आली. बाग होती, बाकं होती, भिंती नुकत्या रंगवलेल्या. तिथल्या मॅडम लगबगीने पुढे आल्या. खिडकीपाशी रिकामी असलेली एक खाट त्यांनी लांबूनच दाखवली.

"आमच्याकडे स्वच्छता म्हणजे बघा, फरशीत तोंड दिसतं! एक माणूस फक्त याच कामाला ठेवलाय. वास येतोय ना? फुलांचा आहे."

वास आला होताच. थोरलीने रुमाल नाकाशी धरला. धाकटी मनातल्या मनात देवाचं नाव घेऊ लागली.

"माझ्या खाटेभोवतीचं मी माझं पुसलं तर?" थोरलीने रुमालातूनच विचारलं. "सोडा नि व्हिनेगरने. माझं मी आणेन."

"छे हो आजी! तुम्ही इथे आरामाला येताय. आणि बाहेरचं काही आणायला परवानगी नाही."

पुढचं थोरलीला ऐकू आलं असेल असं वाटत नाही. तिला ढास लागली होती. धाकटीने तिला धरून बाहेर आणलं आणि फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसवलं. ओठांचा रंग परतायला बराच वेळ गेला.

"नाही ताई," धाकटी म्हणाली. "इथे नाही. मी सांगते त्याला."

"मग कुठे?"

"माझ्याकडे..." म्हणून धाकटी थांबली. लेकीच्या घरात ती स्वतःच स्वयंपाकघरात पाय दुमडून झोपत होती.

"राहू दे. जावयाच्या घरात एक सासू पुरे आहे."

"मग मी सुनेशी बोलते."

"बोल. ती उद्या डबे बंद करेल. वाईट नाही गं ती. आणि मग रात्रभर पाळण्याखाली बॅटरी घेऊन बसेल. अजून बसते, मी बघितलंय. तिची ती भीती मीच तिच्या पदरात घातलीय." थोरलीने जरा दम घेतला. "आणि हा म्हणतो वेगळा राहीन. म्हणजे ओंजळभर पोरीचा बाप मी काढून घ्यायचा? किती दिवसांसाठी? डॉक्टर काय म्हणाले ते तूही ऐकलंयस."

धाकटीने ऐकलं होतं. आत कुणीतरी बादली सरकवल्याचा आवाज आला.

"घरी गेलो की तो तुलाच विचारेल," थोरली म्हणाली.

"ताई, मला ते जमायचं नाही. देवाला काय तोंड दाखवू?"

"देवाला खरं काय ते सांग, तुझं तो ऐकतो." तिने धाकटीचा हात धरला. "पण माझ्या लेकाला सांग, आत सगळं फिरून बघितलं, आई मोकळा श्वास घेत होती, कसलाच वास नव्हता. एवढं माझ्यासाठी सांग."