पटाची जोडी चिखलात

सैतानाला तोंडावर शिव्या देणारा माणूस अख्ख्या आमगाव-सालेकसा भागात एकच होता आणि तो माझ्या वडिलांचा मित्र होता; आम्ही मुले त्यांना काका म्हणत असू. स्वातंत्र्यानंतरची ती पहिली काही वर्षे. गावात ख्रिस्ती घर त्यांचे एकटेच, पण आवाज दहा घरांचा. बाकीची माणसे पापापासून चार हात लांब राहतात; काका पापाला अंगणात बोलावून त्याच्याशी भांडत. बिडी सोडली तेव्हा त्यांनी बिड्यांचा कट्टा फेकला नाही, खिशात वर दिसेल असा ठेवून वर्षभर मिरवला. "पाहू दे तिले," म्हणत, "मी तिच्याबिना जित्ता आहो का नाही!" मोहाची दारू सोडल्यावर तर रोज संध्याकाळी भट्टीसमोर उभे राहून प्रभूची गीते म्हणू लागले. आवाज इतका भसाडा की शेवटी भट्टीवाल्यानेच हात जोडले.

एका ठिकाणी मात्र त्यांची मात्रा चालेना. त्यांच्याकडे शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, धावणारी पांढरीशुभ्र जोडी होती. पटाचे बैल शेतीला जुंपत नाहीत; चिखलात पाय गेला की वेग गेला, असे आमच्याकडे मानतात. म्हणून काका धानाच्या बांधीतल्या नांगरटीला शेजाऱ्याचे बैल मागून आणत आणि आपल्या जोडीला तूप नि उडीद चारत. दरसाल पट सोडायची शपथ घ्यायची, पट जिंकायचा आणि मग गोंदियाहून सायकलने येणाऱ्या पाळकसाहेबांपुढे ढसाढसा रडायचे. रडताना डोक्याला फेटा बक्षिसाचा.

एकदा काकू तापाने फणफणत होत्या आणि काका बैलांचे खूर चोळत बसले होते. पाणी मागून मागून त्या थकल्या आणि म्हणाल्या, "मले बी गोठ्यात बांधा, तवा तरी पाहाल." काका त्या दिवशी जेवले नाहीत.

काकू बऱ्या झाल्या आणि धानाच्या रोवणीच्या दिवसांत काकांनी ती जोडी चिखलणीला जुंपली. सारा गाव बांधावर जमला. कोणी म्हणाले वेड लागले, कोणी म्हणाले नजर लागली. एक पटशौकीन तर कळवळून म्हणाला, "काऊन नासवून राहिले जी? मले इकून टाका!"

"तुले इकला तं माहा देव तुह्या गोठ्यात जाऊन बसन," काका गरजले, "अन् मी रोज तिथं दर्शनाले येईन! बैल आहे थो. बैलाचं काम करन." गुडघाभर चिखलात ते बैल चालले, आणि काका त्यांच्यामागे ओरडत, रडत चालले. हटले मात्र नाहीत.

त्या हिवाळ्यात पट भरला, तेव्हा ते घरीच थांबतील असे मला वाटले होते. पण तेच आमच्या दारात येऊन उभे राहिले. "भिऊन लपू कायले? चाल."

आम्ही दाणीच्या, म्हणजे बैल धावायच्या पट्टीच्या, कडेला उभे राहिलो. पहिल्या जोड्या सुटल्या, लोक बेभान ओरडू लागले, तसा काकांनी माझा हात घट्ट धरला. त्यांचा एक पाय दाणीकडे सरकला होता.

"मेला नाही लेकाचा अजून," ते स्वतःच्या छातीकडे बोट दाखवत दात आवळून म्हणाले. "सोडू नको मले."

मला त्या माणसाची फार माया आली. शेवटची जोडी धावेपर्यंत मी त्यांचा हात सोडला नाही.